पोलरायझरविना प्रकाशझडप : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

एकाच कागदावर दोन मागण्या आल्या आहेत. पहिली, कॅमेऱ्यापुढे बसणारी झडप: विजेवर चालणारी, हलता भाग नसलेली, उघडी असताना निदान ७५ टक्के प्रकाश सोडणारी. दुसरी, तळहाताएवढं तावदान, बटण दाबताच काळवंडणारं. दोन्हीकडे येणारा प्रकाश साधा, अध्रुवित, म्हणजे दोलनाची एकच ठरावीक दिशा नसलेला.

७५ हा आकडा वाचला आणि नेहमीची रचना तिथेच बाद केली. पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेच्या दोलनाचा प्रकाश सोडणारी फिल्म, कितीही उत्तम असो, अध्रुवित प्रकाशाचा अर्धा हिस्सा तो गिळणारच. त्याचं कामच ते. प्रत्यक्षातली फिल्म ४० ते ४५ टक्क्यांपुढे जात नाही. तिच्यामागे दुसरी समांतर फिल्म, दोन काचा, दोन वाहक लेप. म्हणजे झडप पूर्ण उघडी असतानाच निम्म्याहून जास्त प्रकाश गेलेला. शिवाय गिळलेला प्रकाश उष्णता होऊन फिल्ममध्येच राहतो, प्रखर दिव्यापुढे ती फार दिवस टिकत नाही.

नियम ठरला: यंत्रात पोलरायझर नाही. तपासणीसाठी टेबलावर मात्र लागेलच, म्हणून एक फिल्म कपाटातून काढून ठेवली.

९ जानेवारी

जुनं काम चाळलं. गंमत अशी की लिक्विड क्रिस्टलचा पहिला नावाजलेला पडदा पोलरायझरविनाच होता. १९६८ साली आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने ‘डायनॅमिक स्कॅटरिंग’ दाखवलं. नेमॅटिक (लांबट रेणू साधारण एका दिशेला असलेल्या) द्रवाच्या पातळ थरातून थोडा प्रवाह सोडला की आत भोवरे उठतात आणि एरवी पारदर्शक असणारा थर दुधी होतो. रंगद्रव्य मिसळलेला प्रकारही याच गटाने त्याच वर्षी मांडला, पण त्याला एक पोलरायझर लागत असे. मग १९७१ मध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश यांची ट्विस्टेड नेमॅटिक रचना प्रसिद्ध झाली. पोलरायझर लागणारी, पण काही व्होल्टवर आणि जवळपास शून्य प्रवाहावर चालणारी. तिच्यापुढे बाकीचं सगळं मागे पडलं. मनगटावरच्या घड्याळाला अर्धा प्रकाश गमावणं परवडतं, बॅटरी गमावणं परवडत नाही. आमचं नेमकं उलट: वीज हवी तेवढी आहे, प्रकाशाचीच टंचाई.

डायनॅमिक स्कॅटरिंग करून पाहायचा मोह होतो. पण त्यात प्रवाह वाहतो, म्हणजे आयन वाहतात, आणि आयन वाहिले की द्रवाचं आयुष्य घटतं. सोडून दिलं. उरले चार रस्ते: पॉलिमरमध्ये अडकवलेले थेंब, म्हणजे पीडीएलसी, पॉलिमरचं विरळ जाळं, रंगद्रव्य, आणि मळसूत्री रचनेचं कोलेस्टेरिक. सुरुवात पीडीएलसीने, कारण साहित्य हाताशी आहे.

१५ जानेवारी

मिश्रण: ई७ नेमॅटिक ६० भाग, एनओए६५ हा यूव्ही प्रकाशाने घट्ट होणारा गोंद ४० भाग. हीच जोडी घेण्याचं कारण आकड्यांत आहे. ई७ चा साधारण अपवर्तनांक (दोलन रेणूंच्या अक्षाला लंब असतानाचा) १.५२, घट्ट झालेल्या गोंदाचा १.५२४, आणि ई७ चा असाधारण अपवर्तनांक (दोलन अक्षाच्या दिशेने असतानाचा) १.७४. पहिले दोन जुळतात म्हणून पारदर्शकता मिळते, तिसरा जुळत नाही म्हणून दुधीपणा मिळतो.

आयटीओ या पारदर्शक वाहक लेपाची बाजू मल्टिमीटरने ओळखली (रोध दाखवते ती आत), मध्ये २० मायक्रॉनचे स्पेसर मणी टाकले आणि दोन काचा कडेने चिकटवल्या; हा झाला सेल. मिश्रण कोमट करून एकजीव झाल्यावर फटीशी थेंब लावला. केशाकर्षणाने तो आपसूक आत गेला. मग ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा.

गोंद घट्ट होत जातो तशी ई७ ला त्यात विरघळून राहायला जागा उरत नाही, तो थेंबांच्या रूपाने वेगळा पडतो. दिवा प्रखर असला तर गोंद लवकर आवळतो आणि थेंब वाढण्याआधीच पकडले जातात. दिवा मंद असला तर थेंब मोठे. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे एक मायक्रॉनच्या घरातला थेंब प्रकाश सर्वात जोराने विखुरतो. आपल्या दिव्याची प्रखरता सगळीकडे सारखी नाही, आणि ते सेलमध्ये उतरलंय: सेलमधून बल्बकडे पाहिलं तर कडेला निव्वळ दुधी दिसतं, मध्यभागी बल्ब तांबूस ठिपक्यासारखा दिसतो. मधले थेंब जरा जास्तच लहान आहेत, त्यांच्यातून लाल रंग निसटतोय. दिव्यापुढे घासलेली काच लावायची.

१७ जानेवारी

समान झालेल्या दिव्याखाली केलेला सेल आज जोडला. १ किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग, हळूहळू वाढवत. १५ व्होल्टपर्यंत काहीच नाही. तिशीत बल्बची कड दिसू लागली. ५० व्होल्टला सेल स्वच्छ. डीसी कधीच द्यायचा नाही, काही मिनिटांसाठीही नाही. आयन एका बाजूला साचतात आणि विद्युत क्षेत्र आतल्या आत झाकलं जातं.

नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारलं, “सर, यात प्रकाशाच्या दोलनाची दिशा कुठे अडते?” अडत नाहीच. कागदावर तेल सांडलं की कागद आरपार दिसू लागतो, त्यातलाच प्रकार. कागदाचे धागे आणि मधली हवा यांचे अपवर्तनांक वेगळे, म्हणून कागद पांढरा; हवेची जागा तेलाने घेतली की फरक जवळजवळ संपतो. आपल्याकडे तेल बदलायची गरज नाही, थेंब वळवले की पुरे. क्षेत्र नसताना प्रत्येक थेंबाचा अक्ष वाटेल त्या दिशेला. प्रकाशाला सरासरी १.५९ च्या आसपासचा अपवर्तनांक भेटतो आणि भोवताली १.५२४. क्षेत्र दिलं की सगळे अक्ष प्रकाशाच्या वाटेला समांतर उभे राहतात. अक्षाच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाला, त्याचं ध्रुवण कुठलंही असो, फक्त १.५२ भेटतो. पोलरायझर न लागण्याचं कारण एवढंच.

२२ जानेवारी

एकाच सेलचे दोन कॉन्ट्रास्ट (उघड्या सेलमधून येणारा प्रकाश भागिले बंद सेलमधून येणारा). माझ्या मांडणीत ८० ला १. ऑप्टिक्स पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या टेबलावर ११ ला १. सेल तोच, लेसर तोच, ६३३ नॅनोमीटरचा, व्होल्टेज तेच. दोघांनी एकमेकांची मांडणी तपासली, दोन्ही नीट आहेत. फरक एवढाच की माझा फोटोडायोड सेलपासून लांब, त्यापुढे बारीक छिद्र. त्याचा जवळ, मोठ्या भिंगामागे.

उद्या एकाच टेबलावर छिद्र बदलत मोजायचं.

२४ जानेवारी

मोजलं. उघड्या सेलचं पारगमन, म्हणजे पार जाणारा प्रकाश, सगळीकडे ८० टक्क्यांच्या जवळ, कारण तेव्हा किरण सरळच जातो. बंद सेलचे आकडे असे: प्रकाश गोळा करणाऱ्या शंकूचा अर्धकोन २ अंशांचा असेल तर १ टक्का. १० अंशांना ७ टक्के. सेल इंटिग्रेटिंग स्फिअरच्या (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोळ्याच्या) तोंडाशी ठेवून पुढच्या बाजूचा सगळा प्रकाश गोळा केला तर ६८ टक्के.

६८! झडप बंद आणि दोन तृतीयांश प्रकाश पलीकडे. ८० ला १, ११ ला १ आणि जेमतेम १.२ ला १, हे तिन्ही आकडे खरे आहेत. माहितीपत्रकात नुसता कॉन्ट्रास्ट छापतात, कोन छापत नाहीत. त्या आकड्याला मग काही अर्थ राहत नाही. धूसरपणा मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीत मूळ दिशेपासून २.५ अंशांहून जास्त वळलेला प्रकाश तेवढा ‘विखुरलेला’ धरतात. ते ठीक आहे, निदान कोन सांगितलेला असतो.

प्रकल्पाची दिशा आज बदलली असं मला वाटतं. पोलरायझर असलेल्या यंत्रात बंद म्हणजे प्रकाश मेला. इथे कोणी मरत नाही. इतक्या मोठ्या थेंबांकडून बराचसा प्रकाश पुढेच ढकलला जातो, मागे थोडाच येतो. सेल प्रकाशाची फक्त दिशा मोडतो. अंधार करायचा असेल तर मोडलेल्या दिशेचा प्रकाश दुसऱ्या कोणीतरी टाकून द्यायला हवा. म्हणजे झडप = सेल + त्याच्या मागेपुढे काय आहे ते. नुसत्या सेलला झडप म्हणणं सोडून द्यायचं.

२७ जानेवारी

वरच्या नोंदीची लगेच परीक्षा घेतली. सेल कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरला, कॅमेरा खिडकीकडे. सेल बंद: चित्र गेलं, पण पडदा काळा नाही, पांढरा झाला. सरासरी उजळपणा जवळपास तोच. समोरच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश त्याच्या पिक्सेलवरून निघून शेजाऱ्यांकडे गेला आणि शेजाऱ्यांचा त्याच्याकडे आला. देवाणघेवाण झाली, तूट नाही.

लेसरवर ८० ला १ देणारी वस्तू उघड्या दृश्यापुढे काहीच अडवत नाही, हे मागणी करणाऱ्यांना आत्ताच कळवायला हवं. त्यांना झडप कशासाठी हवी हे विचारलं. उत्तर: मधूनमधून काळी फ्रेम घ्यायची आहे, सेन्सरची स्वतःची गळती वजा करण्यासाठी. म्हणजे खराखुरा अंधार हवा. त्यांचं दृश्य मात्र अरुंद आहे, जेमतेम दोन-तीन अंशांचं. ही चांगली बातमी.

३० जानेवारी

सेलच्या पुढे ३० सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद नळी, आतून काळी. तिच्यातून अक्षाशी साधारण २ अंशांच्या आतलाच प्रकाश सेलवर पोचतो. सेल तो सुमारे २५ अंशांच्या शंकूत उधळतो. सेन्सरचा फक्त मधला, मूळ दृश्याचा भाग वाचायचा. दोन अंशांचा प्रकाश पंचवीस अंशांत पसरला तर त्या मधल्या भागाच्या वाट्याला (२/२५) चा वर्ग, म्हणजे हजारात सहा-सात इतकाच येतो. त्यात न विखुरता सरळ निसटलेला १ टक्का मिळवला. हिशेबाने ५५ ला १, मोजून ५० च्या आसपास. लेसरशिवाय, साध्या दिव्याने उजळलेल्या फळ्यावर.

नळीला वीज नाही, पॉलिमर नाही; पण निम्मं काम तिचं आहे. सेल भिंगाच्या पुढे असणं महत्त्वाचं. तोच सेल सेन्सरला चिकटवला तर विखुरलेला प्रकाश दूर जायला वावच मिळत नाही, चित्र किंचित मऊ होतं आणि बस.

४ फेब्रुवारी

जाडीचा प्रश्न. ५० व्होल्ट जास्त वाटतात, म्हणून १० मायक्रॉनचा सेल केला. व्होल्टेज २५ वर आलं, कारण थेंबाला हवं असतं क्षेत्र, आणि जाडी निम्मी झाली की तेच क्षेत्र निम्म्या व्होल्टेजला मिळतं. पण बंद अवस्थेत १ टक्क्याऐवजी १० टक्के निसटतात. यात आश्चर्य नाही: न विखुरता उरणारा प्रकाश जाडीबरोबर घातांकाने घटतो, म्हणून जाडी निम्मी केली की पारगमनाचं वर्गमूळ निघतं. शंभरातल्या एकाचं वर्गमूळ दहातला एक. व्होल्टेज सरळ रेषेत वाचलं, अंधार मात्र दसपटीने गेला. सौदा वाईट आहे. २० मायक्रॉन कायम.

५ फेब्रुवारी

ऑसिलोस्कोपवर: ५० हर्ट्झने चालवला तर पारगमनावर १०० हर्ट्झची लहर दिसते. थेंबांना क्षेत्राची दिशा कळत नाही, फक्त ताकद कळते, म्हणून लहर दुप्पट वारंवारितेची. १ किलोहर्ट्झला ती नाहीशी होते. ५ सेंटिमीटर चौरस सेलची धारकता ९ नॅनोफॅरॅडच्या आसपास येते, तेव्हा १ किलोहर्ट्झ चालवायला त्रास नाही. उघडायला २ मिलिसेकंद, मिटायला २५. उघडताना क्षेत्र ढकलतं. मिटताना थेंबाची लवचीकता एकटीच परत फिरवते, म्हणून उशीर.

१० फेब्रुवारी

तावदानाच्या मागणीकडे वळलो आणि पहिल्याच तपासणीत नवी गोष्ट. सेल पूर्ण उघडा ठेवून तिरकं पाहिलं की तो पुन्हा धूसर होतो. ६० अंशांवरून तर बऱ्यापैकी दुधी. ही या प्रकाराची जुनी ओळखीची खोड आहे, पण तिचं कारण नीट मांडून ठेवतो.

बाहेर ६० अंशांनी येणारा किरण आत सुमारे ३५ अंशांवर वळतो. थेंबांचे अक्ष उभे, किरण तिरका. म्हणजे किरण आता अक्षाच्या दिशेने जात नाही. त्याच्या दोन ध्रुवणांना दोन वेगळे अपवर्तनांक भेटतात. विद्युत दोलन आपतन प्रतलाला (किरण आणि काचेचा लंब ज्यात येतात त्या प्रतलाला) लंब असेल तर अजूनही १.५२ च. प्रतलात असेल तर हिशेब १.५८ देतो. गोंदाच्या १.५२४ पासून हा फरक ०.०६ चा, जवळजवळ बंद सेलइतकाच.

पडताळायला कपाटातला पोलरायझर दिव्यापुढे धरला. सेल ६० अंशांवर. पोलरायझर एका बाजूला फिरवला: स्वच्छ. ९० अंश फिरवला: धुकं. म्हणजे ‘पोलरायझर लागत नाही’ हे वाक्य समोरून पाहण्यापुरतंच पूर्ण खरं आहे. तिरक्या वाटेवर सेल स्वतःच ध्रुवणं वेगळी करतो, अर्ध्याला सोडतो आणि अर्ध्याला विखुरतो. कॅमेऱ्याच्या नळीत हा कोन येतच नाही. तावदानाकडे लोक कुठूनही पाहणार.

गोंदाचा अपवर्तनांक किंचित वर, १.५३-१.५४ ला नेला तर सर्वात स्वच्छ दिशा समोरून सरकून तिरकी होते. उपाय आहे, पण एकाचं दुसऱ्याला देण्यापलीकडे नाही.

१३ फेब्रुवारी

व्होल्टेज चढवताना ३० व्होल्टला पारगमन ४० टक्के, उतरवताना ३० ला ५५. वाट वेगळी. मधल्या छटा हव्या असतील तर दर वेळी आधी ५० व्होल्टपर्यंत जाऊन मग खाली उतरायचं, म्हणजे नेहमी एकाच वक्रावर राहू. कॅमेऱ्याला उघडी आणि बंद एवढंच हवं, तिथे हा प्रश्न नाही.

१९ फेब्रुवारी

तावदानाच्या मागणीत एक ओळ आहे: वीज गेली तर ते पारदर्शक राहिलं पाहिजे. पीडीएलसी नेमकी उलटी वागते. म्हणून पॉलिमर-जाळं: ९० हून अधिक टक्के लिक्विड क्रिस्टल आणि जेमतेम ४ टक्के आरएम२५७, हे स्वतः लिक्विड क्रिस्टलच असलेलं मोनोमर. सगळे रेणू एका दिशेला शिस्तीत उभे असताना यूव्ही द्यायचा, जाळं त्या शिस्तीत गोठतं. क्षेत्र नसताना पारदर्शक. क्षेत्र दिलं की रेणू वळू पाहतात, जाळं ओढून धरतं, आणि थराचे लहान लहान वेगळ्या कलाचे तुकडे होतात. प्रकाश विखुरतो.

दोन मांडण्या शेजारी शेजारी केल्या. एकीत रेणू काचेला समांतर, पॉलिइमाइडचा लेप एकाच दिशेने घासून. दुसरीत रेणू काचेवर उभे आणि द्रव ऋण परावैद्युत विषमतेचा, म्हणजे ज्याचे रेणू क्षेत्राला आडवे वळतात असा. पहिल्या मांडणीत क्षेत्र दिल्यावर दुधीपणा आला, पण अर्धवट. पोलरायझर फिरवून पाहिलं: घासलेल्या दिशेचा प्रकाश दाट विखुरतो, तिला लंब असलेला जवळजवळ सुखरूप पार. रेणू एकाच प्रतलात उठतात, त्यामुळे लंब ध्रुवणाला सतत साधारण अपवर्तनांकच भेटतो. अध्रुवित प्रकाशाचा अर्धा भाग बिनधास्त निघून जातो.

दुसऱ्या मांडणीत पोलरायझर कसाही फिरवा, फरक नाही. उभे रेणू क्षेत्राने आडवे पडतात, पण कुठे पडायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेला. हा बेशिस्तपणाच आपल्याला हवा आहे. पडण्यात अजून गोंधळ व्हावा म्हणून थोडं कायरल, म्हणजे रेणूंच्या मांडणीला पीळ देणारं, द्रव्यही मिसळलं.

२६ फेब्रुवारी

आता काळेपणा. विखुरण्याने तावदान पांढरं होईल, काळं नाही. त्यासाठी रंगद्रव्य लागणारच. दंडासारखे रंगरेणू लिक्विड क्रिस्टलबरोबर वळतात. दांड्याच्या लांबीच्या दिशेचं दोलन जास्त शोषलं जातं, आडवं कमी. शिस्तीचा गुणांक (१ म्हणजे सगळे रेणू एकाच दिशेला) ०.७५ धरला तर हे प्रमाण (१ + २ × ०.७५) भागिले (१ − ०.७५), म्हणजे १० ला १.

साध्या समांतर सेलमध्ये पुन्हा तीच अडचण: एक ध्रुवण शोषलं जातं, दुसरं निसटतं. हाइलमायर यांना पोलरायझर लागला तो म्हणूनच. यातून वाट १९७४ मध्ये बेल लॅब्जच्या व्हाइट आणि टेलर यांनी काढली. द्रवात कायरल मिसळून रेणूंचं मळसूत्र करायचं, जाडीत काही आटे बसतील इतकं घट्ट. मग रंगरेणू प्रत्येक दिशेला तोंड करून असतात आणि कुठलंही ध्रुवण सुटत नाही. आटे फार सैल ठेवले तर मात्र प्रकाशाचं ध्रुवण मळसूत्राबरोबर वळत जातं आणि एक ध्रुवण पुन्हा रंगाला चुकवून निघतं.

हिशेब मांडला. उभ्या अवस्थेत शोषण १ एकक. आडव्या, सर्व दिशांना वाटलेल्या अवस्थेत (१० + १) / २ = ५.५ एककं. म्हणजे कितीही रंग घाला, दोन अवस्थांच्या शोषणांचं गुणोत्तर ५.५ वर बांधलेलं. रंगामुळे उघडं पारगमन ८० टक्के ठेवलं तर बंद २९ टक्के. ७० ठेवलं तर १४. ६० ठेवलं तर ६. काचेचा तोटा यात धरलेला नाही. कॉन्ट्रास्ट उजेड देऊन विकत घ्यावा लागतो. तरीही पोलरायझर जिथून सुरू होतो त्याच्या वरच आहोत.

५ मार्च

पीडीएलसीच्या थेंबांत रंग घालून पाहिला, निव्वळ तुलनेसाठी. थेंब सर्व दिशांना असल्यामुळे गुणोत्तर आणखी खाली येतं, (१० + १ + १) / ३ = ४. त्याहून मोठी अडचण वेगळी: रंगाचा बराच भाग गोंदातच विरघळून राहतो. तिथला रंग वळत नाही, उघड्या अवस्थेतही शोषत बसतो. रंगद्रव्य यूव्हीही खातं, त्यामुळे गोंद उशिरा आणि असमान घट्ट होतो. अझो प्रकारचा रंग तर क्युअर होताना, म्हणजे गोंद घट्ट होताना, फिका पडला. पुढे अँथ्राक्विनोन घ्यायचा, आणि पीडीएलसीत रंग नको.

११ मार्च

जाळ्याच्या उभ्या मांडणीत काळं मिश्रण, अँथ्राक्विनोन रंगांचं. पॉलिमर फक्त ४ टक्के, रंगाला लपायला जागा नाही. दिवा मंद ठेवून बराच वेळ क्युअर केला.

काचा आणि लेप मिळून ८५ टक्के सोडतात. रंग उभा असताना ७५. एकूण ६४ अपेक्षित, मोजले ६२. क्षेत्र दिल्यावर ५.५ च्या गुणोत्तराने रंगाचं पारगमन २० टक्क्यांच्या थोडं वर, काचेसह १७-१८ अपेक्षित. इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये मोजले तर १२! हिशेबापेक्षा जास्त काळा.

कारण दोन दिसतात. थोडा प्रकाश मागे परततो, तो स्फिअरमध्ये येत नाही. आणि विखुरलेला किरण सरळ न जाता थरातून तिरका, वेडावाकडा जातो. वाट लांबते, रंगाला जास्त वेळ मिळतो. विखुरणं आणि शोषणं एकमेकांना हात देतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत जे विखुरणं नळीशिवाय निरुपयोगी होतं, ते इथे रंगाच्या कामाला आलं. ऑप्टिक्सवाल्या सहकाऱ्याचं म्हणणं, मागे परतणारा हिस्सा वेगळा मोजल्याशिवाय श्रेय वाटू नये. बरोबर आहे. उद्या स्फिअरच्या मागच्या तोंडाला सेल लावून परावर्तन मोजू.

१२ मार्च

मागे परतणारा प्रकाश काचेचं नेहमीचं परावर्तन वजा करून २ टक्क्यांच्या आत. उरलेली तूट वाट लांबल्याचीच.

१८ मार्च

कोलेस्टेरिककडे धावती भेट, कारण ते वीज बंद केल्यावरही अवस्था धरून ठेवतं आणि तावदानवाल्यांना ते आवडलं असतं. ५५० नॅनोमीटरचा हिरवा परतवायला सरासरी अपवर्तनांक १.६३ धरून मळसूत्राचा एक पूर्ण आटा ३३७ नॅनोमीटरचा लागतो. आर८११ हे कायरल त्यासाठी पाव भागाहून जास्त घालावं लागलं. हिरवा झळाळून आला, पण परतणारी पट्टी ६०-७० नॅनोमीटरच रुंद, आणि तीही जास्तीत जास्त ५० टक्के: उजवं मळसूत्र उजव्या हाताचा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशच परतवतं, डावा सोडून देतं. डाव्या मळसूत्राचा दुसरा सेल मागे ठेवला की बाकीचा निम्मा मिळतो. पण सगळा दृश्य पट्टा झाकायचा म्हणजे अशा जोड्यांची चळत. परावर्ती पाटीसाठी छान, आपल्या तावदानासाठी नाही.

२४ मार्च

उष्णता. दोन्ही सेल हॉटप्लेटवर. पीडीएलसी ५५ अंश सेल्सिअसपर्यंत चालली, मग कॉन्ट्रास्ट घसरू लागला आणि साठीच्या आसपास क्षेत्राचा परिणामच संपला. ई७ तिथे साधा द्रव होतो, रेणूंना दिशाच उरत नाही. थंड केल्यावर पूर्ववत. कॅमेऱ्याच्या डब्यात पंखा आहे, पण नळीतून ऊन थेट येऊ शकतं; सेलपुढे अवरक्त अडवणारी काच बसवायची. तावदानाचा द्रव जास्त तापमानाला टिकणारा आहे, ८० अंशांपर्यंत काही बदल नाही.

२८ मार्च

कॅमेऱ्यासाठी पाठवायचं: २० मायक्रॉन पीडीएलसी, १ किलोहर्ट्झ, ५० व्होल्ट, ३० सेंटिमीटर नळीसह, आणि सेन्सरचा मधलाच भाग वाचण्याची अट. कॉन्ट्रास्टच्या आकड्यापुढे कोन लिहिलाय, आणि नळी काढली तर हा आकडा लागू नाही हेही ठळक लिहिलंय. काळी फ्रेम घेताना व्होल्टेज बंद केल्यावर निदान ४० मिलिसेकंद थांबून मग एक्सपोजर सुरू करावं.

तावदानासाठी: उभी मांडणी, जाळं, काळा रंग. ६२ वरून १२. तिरक्या दिशेने उघड्या अवस्थेत काय होतं ते मोजायचं राहिलंय. जाळ्याचे रेणू द्रवाच्याच दिशेने गोठलेले असल्यामुळे तिरकं धुकं पीडीएलसीपेक्षा बरंच कमी असायला हवं. पण रंगाचे दांडे तिरक्या प्रकाशाला जास्त उघडे पडतात, म्हणून तावदान बाजूने थोडं गडद दिसेल. पोलरायझर टेबलावरच ठेवलाय, ३० तारखेला लागेल.